काजळाचे हात

संगमरवराची मूर्ती पेटीत बांधायची असेल तर आधी तिची बोटं बांधायची. नवखा माणूस आधी धड गुंडाळतो, मग डोकं, आणि बोटांकडे येतो तेव्हा एखादं उडालेलं असतं. जयपुरात मूर्तिकारांच्या मोहल्ल्यात मी आयुष्यभर हेच काम केलं. राधाकृष्ण, रामपंचायतन, दत्त, विठ्ठल-रखुमाई. दिवसभर छिन्नीचा आवाज आणि पांढरी धूळ. संध्याकाळी तिथली कुत्रीसुद्धा पांढरी दिसायची.

माझी शाळा तिसरीपर्यंत, साताऱ्याकडच्या एका खेड्यात. मग पलटण, मग लढाई, लढाईनंतर जयपूरच्या छावणीत बदली. पलटणीतून नाव कमी झालं तेव्हा गावी परत जायचं नाही असं मी ठरवलं. का ठरवलं ते माझ्या भावांना माहीत आहे आणि मला माहीत आहे. एका मूर्तीवाल्या शेठला दक्षिणेकडे माल धाडायचा असे, आणि त्याच्या मुनीमाचं अक्षर असं की कराडची पेटी कानपूर बघून यायची. मला ब्रशनं पेटीवर ठसठशीत पत्ता लिहिता यायचा. तेवढ्या विद्येवर नोकरी लागली. पलटणीत मी नाईक होतो, पण मोहल्ल्यानं मला पहिल्या दिवसापासून हवालदारजी केलं. मी दुरुस्त केलं नाही.

पेटीत मूर्तीभोवती सुकं गवत आणि रद्दी ठासायची असते. पन्नास सालानंतर जहागिऱ्या गेल्या आणि मोठमोठ्या हवेल्यांतून सामान बाहेर पडायला लागलं. झुंबरं, खुर्च्या, वाघांची मुंडकी चांगल्या दुकानांत गेली. पुस्तकं कबाड्याकडे आली. कबाडी चामड्याचे पुठ्ठे उचकटून मोच्याला विकायचा आणि आतला कागद हातगाडीवर घालून आमच्याकडे आणायचा. इंग्रजांचे कितीतरी कायदे आमच्या देवांच्या काखेत बसून पुण्याला गेले.

असंच एकदा राधेचा हात गुंडाळायला मी एक मोठा जाड कागद उचलला. तो चुरगळेना. उलटा केला तर त्यावरही हात होता. होता आख्खा माणूस, दगडाचा, चौथऱ्यावर उभा, पण डोळ्यांत भरला तो हात. नुसत्या काळ्या रेघा. रेघ कुठे केसासारखी बारीक, कुठे मधेच फुगलेली, आणि त्या रेघांच्या कमीजास्त होण्यातून दंडाचा गोळा दिसत होता, कोपराची वाटी दिसत होती, मनगटाची शीर दिसत होती. रंग नाही, काही नाही. चित्राच्या चारी बाजूंनी कागदात खोल दाब बसलेला. पुढे एका फ्रेमवाल्यानं सांगितलं की हे तांब्याच्या पत्र्यावर कोरतात, कोरलेल्यात शाई भरतात आणि कागद दाबून उठवतात. त्या दिवशी मला हे माहीत नव्हतं. पण कोणीतरी फार वेळ वाकून बसल्याशिवाय हे झालेलं नाही एवढं कळत होतं.

असली माणसं मी पाहिली होती. लढाईत आमची पलटण इटलीत होती तेव्हा आम्ही एका बागेत मुक्काम केला होता. बंगला अर्धा उडालेला आणि बागेत दगडी माणसांची रांग. एकाला डोकं नाही, एकीला हात नाहीत, एकाचा फक्त पाय शिल्लक. ते सगळं आमच्याच तोफांनी केलं असं मी धरून चाललो होतो, पण तुटलेल्या जागांवर शेवाळ होतं, म्हणजे फार जुनं दुखणं. आमची पोरं त्यांच्यावर ओले मोजे वाळत घालायची. मीही घातले. पण पहाऱ्यावर उभा असलो की मला त्या बिनहाताच्या बाईची सोबत वाटायची. तिचं तोंड असं होतं की हात गेल्याचं तिला अजून कुणी सांगितलेलंच नाही.

त्या गठ्ठ्यात तसलेच सगळे होते. मी शेठला म्हणालो, हे कागद मी नेतो.

"क्या करोगे?"

"भिंतीला लावीन."

त्यानं वरचा एक उचलून पाहिला आणि ठेवला. "नंगे फिरंगी? घर में? हवालदारजी, बहू कुछ नहीं कहती?"

मी म्हणालो, घर माझं आहे. त्यानं माझ्याकडून तेवढ्याच वजनाची वर्तमानपत्रं आणून घेतली आणि गठ्ठा दिला. व्यापारी माणूस.

तिथून मला तो नाद लागला. कबाड्याला कळलं. हातगाडी घेऊन आला की लांबूनच ओरडायचा, "हवालदारजी, आपके रिश्तेदार आए हैं." सगळा मोहल्ला हसायचा. मी उठून जायचो आणि कागद बघायचो. कधी नुसती गवताची आणि पक्ष्यांची चित्रं निघत, ती मी घेत नसे. मला दगडाची माणसं हवी होती. पुढे साठ सालाच्या मागेपुढे हवेल्या आटल्या तोवर मी ती जमवत राहिलो.

खाली परक्या अक्षरांत त्यांची नावं असायची. ती मी कुणाकडून वाचून घेतली नाहीत. माझ्या वस्तूवर दुसऱ्याचं शहाणपण कशाला? नावं मीच ठेवली. शिरस्त्राण घातलेली, भाला धरलेली ती भवानी. सिंहाचं कातडं टाकून गदेवर रेललेला तो भीम, दमलेला. हरणाबरोबर धावणारी शिकारीण. पायाला पंख असलेला पोरगा तो टपालवाला. एक बिनहाताची बाईही निघाली, इटलीतल्या बागेतल्या तिच्यासारखीच. एक बाप होता, दोन मुलांसह सापांच्या विळख्यात सापडलेला. तो दोन वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून दोनदा आला. एका कागदात त्याचा उजवा हात खांद्यापासून तुटलेला, दुसऱ्यात तोच हात वर ताणलेला, सापासकट. तोच बाप, तीच मुलं, तेच तोंड उघडलेलं. मला वाटलं कोरणारा एकदा चुकला असेल.

आणि सगळ्यांत मोठ्या कागदावर एक नुसतं धड होतं. खडकावर बसलेलं, पाठीतून पिळलेलं. डोकं नाही, हात खांद्यांपासून गेलेले, पाय गुडघ्यापाशी संपलेले. पण पोटाचा आणि छातीचा एकेक स्नायू असा की आता उठेल. त्याच्यावर रेघा इतक्या दाट होत्या की बोट लावलं तर बोटाला लागावं. त्याला मी नाव ठेवलंच नाही. तो मी सगळ्यांच्या वर, आढ्याजवळ लावला.

चिकटवायला खळ मी कशाला लावली नाही, उंदीर आणि कसर लागते. पेट्यांतल्या बांबूच्या कांबी तासून कागदाच्या वरखाली धरल्या आणि दोरीनं टांगले. तीन भिंती भरल्या. चौथीवर देव्हारा आणि भांडी.

बायको गावाकडची, मामाच्या ओळखीतली. चित्रं लागली त्या दिवशी तिनं भिंतींकडे बघितलं, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि चूल पेटवली. एवढ्या पुरुषांसमोर वावरायचं म्हणून की काय, आठवडाभर तिनं पदर खाली पडू दिला नाही. मग पडायला लागला.

आमचं पहिलं मूल तिच्या माहेरी गेलं होतं, पोटातच. दुसरं जयपुरात झालं. मुलगा होता. पाचवीची पूजा मांडायच्या आधी गेला. तोवर चित्रं भिंतीवर लागून वर्ष झालेलं होतं.

तिसऱ्यांदा तिला दिवस गेले तेव्हा आमच्यावरच्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहायला आलं. साहेब केंद्र सरकारच्या कुठल्याशा कचेरीत, बदली होऊन आलेले, पुण्याकडचे. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. परमुलखात आपल्या भाषेचं माणूस मिळालं म्हणून माझी बायको हरखली. काकूंच्या पोरांचं मराठी ऐकून ती हसायची, पोरं म्हणायची, "आई, मेरेको भूक लागली." काकू तिला डोहाळ्यांचं खाऊ घालायच्या, डोक्याला तेल लावायच्या. बाई चांगली होती. ते आधी सांगून ठेवतो.

एका रविवारी त्या खाली आल्या. हातात गुंडाळी होती.

"हवालदार, जरा बसा. बोलायचंय."

"बोला की."

"पोटुशी बाई दिवसभर ज्याच्याकडे बघते त्याच्यावर मूल जातं. हे तुम्हाला मी सांगायला नको." त्यांनी भिंतीकडे नुसती मान हलवली, बघितलं नाही. "ग्रहणात आम्ही हिला सुपारी कातरू दिली नाही. आणि ही रोज डाळ निवडत बसते कुणासमोर, तर हे थोटे आणि मुंडकी नसलेले."

"दगडाचे आहेत ते, काकू."

"दगडाचे असतील. थोटे आहेत की नाहीत?"

"आहेत."

"मग झालं तर."

"साहेबांच्या कचेरीत भिंतीला नकाशे आहेत. तुमची पोरं काय नकाशासारखी झाली?"

काकूंना हसू आलं. "धाकटा झालाय तसा, वाकडातिकडा," त्या म्हणाल्या. मग परत गंभीर झाल्या. गुंडाळी उलगडली, रांगत्या बाळकृष्णाचं रंगीत चित्र होतं. "हे समोर लावा. आणि ते सगळं मूल होईपर्यंत उतरवा. पुढे मग काय ते करा."

"खिळा नाही," मी म्हणालो.

"मी देते खिळा."

"भिंतीत जागा नाही."

बायको चुलीपाशी होती. ती एवढंच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या काकू. त्यांच्या जिवाचे हाईत ते." बाळकृष्ण तिनं देव्हाऱ्याच्या कडेला टेकवून ठेवला.

गोष्ट मोहल्ल्यात गेली. आमच्याकडे एक म्हातारा कारागीर होता, मूर्तींचे डोळे उघडण्याचं शेवटचं काम त्याच्याकडे असे. तो मला एकदा बिडी देत म्हणाला, "खंडित मूर्ती घर में नहीं रखते, हवालदारजी. हमारे हाथ से टूट जाए तो हम कुएँ में उतार देते हैं. आपने तो पूरी फौज टाँग रखी है."

"मूर्ती नहीं, कागज है," मी म्हणालो.

"कागज पर राम लिखो तो पैर लगाते हो?"

मी बिडी विझवली आणि कामाला लागलो.

आता एक सांगायचं राहतं, आणि ते सांगितलं नाही तर मी नुसता हट्टी माणूस ठरेन. हट्टी मी आहेच. पण ती चित्रं उतरवणं म्हणजे काय होतं ते बघा. उतरवली, आणि मूल जगलं, तर मागचं मूल कशानं गेलं? माझ्या कागदांनी गेलं. मी टांगलेल्या कांबींनी गेलं. उतरवली, की मी माझ्या हातानं त्या पोराच्या मरणाखाली सही केली. माझी बायको तसं कधी बोलली नव्हती. पण ती रोज त्या भिंतींकडे बघत होती आणि मी रोज तिच्याकडे. कागदानं कुणी मरत नाही. मी तेव्हा हे म्हणत होतो आणि आजही म्हणतो. म्हणून चित्रं राहिली.

तिला सातवा लागला तेव्हा थंडी होती. एका संध्याकाळी कामावरून आलो, दार ढकललं, आणि बिनहाताच्या बाईनं माझ्याकडे दोन्ही हात केले.

मी उंबऱ्यातच थांबलो. बायकोनं कंदील लावलेला होता. ती पाटावर बसली होती, शेजारी काजळाची डबी आणि टोक काजळलेल्या आगकाड्यांचा ढीग. तिनं सगळ्यांना हात काढले होते. बाईला कोपरापर्यंत बांगड्या भरल्या होत्या. ज्यांना डोकी नव्हती त्यांना डोकी आली होती, सुपारीएवढी, मोठाल्या डोळ्यांची, आमच्या गावच्या म्हसोबासारखी, एकाला तर मुंडासं आणि मिशा. तुटकी नाकं सरळ झाली होती. एकाचे पाय घोट्यापासून गेलेले होते, त्याला पाय दिले होते आणि पायांत जोडवी घातली होती, गड्याला. आणि हे सगळं त्या बारीक, केसाएवढ्या रेघांच्या शेजारी, जाड काळ्याकुट्ट बोटांनी ओढलेलं. काजळ तेलाचं असतं. ते कागदात उतरून कडेनं पसरत होतं.

मी हात उचलला नाही. मी तसला नव्हतो. पण तोंडानं जे बोललो ते ऐकून वर काकूंचं दार उघडल्याचं कळलं.

"अडाणी," मी म्हणालो. "कागदाची किंमत तुला काय कळणार? कुणीतरी वर्षवर्ष खपलंय त्याच्यावर."

"म्या बी दिसभर खपलीया," ती म्हणाली.

"नासवलंस सगळं."

"मोडलेलं व्हतं त्ये. नीट केलं." ती हात टेकून सावकाश उठली आणि सापवाल्या बापापाशी गेली. दोन्ही कागद शेजारी शेजारी होते. "ह्यो बघा. हितं ह्याचा हात तुटलाय. आन् हितं ह्यालाच हात हाय. म्हंजी आदी तुटला, मग कुणीतरी बशिवला. त्यांच्यातलंच कुणीतरी. त्यानं बशिवल्याला चालतो, मग म्या बशिवला तर काय बिघडलं?"

वर्षानुवर्षं ते दोन कागद माझ्यासमोर होते आणि मी म्हणत होतो, कोरणारा चुकला. तिचं खरं असावं असं मला त्याच क्षणी वाटलं, आणि त्यामुळे मी जास्तच चिडलो. मी म्हणालो, "ते कारागीर होते. तू कोण?"

ती म्हणाली, "म्या आई हाय."

मी स्टूल घेतलं आणि आढ्याजवळचा तो मोठा कागद, ते धड, उतरवायला लागलो. तिथपर्यंत तिचा हात पोचला नव्हता. स्टुलावर चढायचं नाही अशी काकूंची ताकीद होती.

"त्यो ऱ्हायलाय," ती म्हणाली. "त्येवढा ठिवा. खाली लावा, म्या करते."

मी कागद गुंडाळला.

"अवो, त्यो तसाच ऱ्हाईल. ऐका माजं. सगळ्यांत जास्ती मोडल्याला त्योच हाय."

तो कागद मी शेठच्या गोदामातल्या माझ्या ट्रंकेत नेऊन ठेवला. त्याच्याबरोबर अजून न टांगलेले होते तेही. घरातले काजळाचे तसेच राहिले. मी त्यांच्याकडे पाठ करून जेवायचो. आम्ही बोलायचो, पण मीठ, पाणी, लाकडं एवढंच. मधेच ती विचारायची, "कुटं ठिवलाय त्यो?" मी म्हणायचो, "आहे." ती म्हणायची, "तसाच?" मी ताट सरकवून उठायचो. रोज एकदा तरी हे व्हायचंच. काकू जिन्यात भेटल्या की माझ्याकडे बघायच्या नाहीत. साहेब बिचारे नमस्कार करायचे आणि घाईनं वर जायचे.

आठव्यातच तिला कळा सुरू झाल्या. होळी तोंडावर आली होती. सकाळी काकूंनी टांगा बोलावला, मी पुढे टांगेवाल्याजवळ बसलो, त्या दोघी मागे. चांदपोल दरवाज्याच्या बाहेर रस्ता खडबडीत होता, दर धक्क्याला ती विव्हळायची. एकदा तिनं मागून माझी बाही धरली. मी वळलो. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"त्यो तसाच ठिवलाय न्हवं?" ती म्हणाली.

काकू म्हणाल्या, "आता गप्प बस बाई, देवाचं नाव घे."

इस्पितळात पुरुषांना आत सोडत नव्हते. नर्स म्हणाली, वेळ लागेल, मूल आडवं आहे. डॉक्टरीणबाई आली, आत गेली, बाहेर आली, परत गेली. मी बाहेर लिंबाखाली बसलो. तिथे अजून चार-दोन बाप बसले होते, एकजण भुईमुगाच्या शेंगा सोलून सगळ्यांना देत होता. मीही घेतल्या. आतून आवाज आला की आम्ही सगळे आपापल्या बायकोचा आहे का ते ऐकायचो. तिचा आवाज मला ओळखू यायचा. मग तो यायचा थांबला. बाकीच्या बायकांचे येत राहिले.

दुपारी मी उठलो आणि चालत मोहल्ल्यात गेलो. कशाला जातो ते मी स्वतःला सांगितलं नव्हतं. ट्रंकेत तिची एक जुनी शाल होती, ती आणायला जातोय असं म्हणत होतो. गोदामात कुणी नव्हतं, कारागीर जेवून भिंतीच्या सावलीला आडवे झाले होते. मी ट्रंक उघडली. शाल काढली. मग कागद काढला आणि पेटीच्या फळीवर पसरला.

कारागीर दगडावर आखायला गेरू वापरतात. गेरूची कांडी तिथेच पडलेली होती.

मी ती उचलली. आधी खांद्यापासून एक हात काढला. तो लांब झाला. मग दुसरा. मूर्ती बांधून बांधून बोटं कशी असतात ते मला पाठ होतं, पण पाठ असणं वेगळं आणि काढणं वेगळं. बोटं झाली ती केळ्यांच्या घडासारखी. गुडघ्याखाली पाय काढले. डोकं काढायला घेतलं आणि तोंड काही सुचेना, तेव्हा नुसता गोल ठेवला आणि दोन टिंबं दिली. गेरू त्या दाट रेघांवरून ओढताना खरखरत होता. माझ्याजवळ तेवढी एकच वस्तू होती जी जयपुरात दुसऱ्या कुणाजवळ नव्हती. ती मी संपवली. कागद गुंडाळून ट्रंकेत टाकला, शाल घेतली आणि परत निघालो. मला कुणी पाहिलं नाही.

इस्पितळाच्या पायरीवर काकू उभ्या होत्या. "कुठे गेला होतात? मुलगी झाली."

"किती वाजता?"

"आत्ताच. तुम्ही गेलात आणि डॉक्टरीणबाईंनी हात घालून फिरवली. लहान आहे फार. ऊब द्या म्हणाल्यात." त्यांनी माझ्या हातातली शाल घेतली, तेव्हा माझी बोटं लाल दिसली. "रंग खेळून आलात की काय?" त्यांनी विचारलं. मी हात धोतराला पुसले.

मुलगी मुठीएवढी होती. बायकोनं डोळे उघडल्यावर आधी कापड सोडून तिचे हात बघितले, मग पाय, मग परत हात. मग झोपली.

पोर जगली. सगळा उन्हाळा काकूंनी तिला कापसात ठेवली, आम्ही पाळीपाळीनं रात्र काढली, पण जगली. बारशाला वरच्या मजल्यावर मोहल्ल्यातल्या बायका आल्या, छावणीतल्या दोन-चार मराठी बायका आल्या, आणि काकूंनी सगळ्यांना खाली आणून भिंती दाखवल्या. "हिनं स्वतःच्या हातानं सगळ्यांना हात दिले, म्हणून आज हे दिसतंय," त्या म्हणायच्या. बायका वाकून बघायच्या, बांगड्या बघून हसायच्या, एकीनं तर त्या गोऱ्या बाईला कुंकू लावलं. मी बाहेर ओट्यावर बसून ऐकत होतो. कुणी मला विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, डॉक्टरीणबाईनं मूल फिरवलं म्हणून जगलं. तसं मी नंतर बऱ्याच वेळा म्हणालो. खरंही तेच आहे.

पावसाच्या आधी गोदामात वाळवी लागली. शेठनं सगळ्यांना सामान हलवायला सांगितलं आणि मला ट्रंक घरी आणावी लागली. एका दुपारी मी जेवून पडलो होतो. बायको मुलीला पाजत बसली होती आणि मोकळ्या हातानं ट्रंकेतले कागद एकेक करून उन्हात टाकत होती. मी उठायच्या आत तिनं तो मोठा कागद उलगडला.

तिनं तो मोकळ्या हातानं जमिनीवर सपाट केला.

"दोनी उजवंच हात काढल्यात," ती म्हणाली.

मी पडल्या पडल्या म्हणालो, "असू देत."

"आंगठं बघा की. दोनी येकाच अंगाला." मग तिनं विचारलं, "कदी केलं?"

"त्याच दिवशी."

"टांग्यातनं गेलो तवा?"

"त्याच्यानंतर. दुपारी."

तिनं मुलीला दुसऱ्या अंगाला घेतलं. मुलगी थोडी कुरकुरली आणि परत लागली. बायको कागदाकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर जे हसू यायला लागलं होतं ते मधेच थांबलं. मला कळलं ती कुठे पोचली ते. मी तिथे त्या दुपारी गोदामातच पोचलो होतो.

"मग मागल्या येळंला," ती म्हणाली, "त्येच्या येळंला जर..."

तिनं मुलीची मूठ आपल्या मुठीत घेतली.

"कागद आहे तो," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली.

तिनं तो कागद सावकाश गुंडाळला, एका हातानं, कारण दुसऱ्यात मुलगी होती. गुंडाळी सुटायला लागली तेव्हा मी उठून दोरी बांधून दिली.